मिथेन फोडून हायड्रोजन: ताशी १० घनमीटरचं युनिट गोव्यात चालवायचं तर

कुळागर:

हायड्रोजन म्हटलं की चर्चा एकदम पाण्याच्या विद्युत विघटनावर जाते. या धाग्यात मिथेनबद्दल बोलूया. आज जगातला बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायूवर वाफ घालून, म्हणजे स्टीम रिफॉर्मिंगनेच बनतो. निकेलचा उत्प्रेरक, ८०० ते ९०० अंश तापमान, २० ते ३० बार दाब. एक किलो हायड्रोजनमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

दुसरी वाट म्हणजे मिथेन हवेशिवाय आणि वाफेशिवाय नुसता तापवून फोडायचा. एका रेणूपासून कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन रेणू. वजनात ४ किलो मिथेनपासून १ किलो हायड्रोजन आणि ३ किलो घन कार्बन. ऑक्सिजन आत येतच नाही, म्हणून प्रत्यक्ष क्रियेत कार्बन डायऑक्साइड होत नाही. लागणारी उष्णता मोलमागे ७५ किलोज्यूल, म्हणजे किलोभर हायड्रोजनला कागदावर साधारण ५.२ युनिट (किलोवॉट-तास) वीज. पाणी फोडायला प्रत्यक्षात ५० ते ५५ युनिट जातात.

हिशेबासाठी ताशी १० घनमीटर वायू घेणारं युनिट धरू. म्हणजे ६.८ किलो मिथेन. ८५ टक्के फुटला तर ताशी १.४५ किलो हायड्रोजन आणि ४.३ किलो कार्बन. ४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला जेमतेम ०.६ किलो हायड्रोजन मावतो, तेव्हा हे ताशी अडीच सिलिंडर झाले. रॅकने सिलिंडर मागवणाऱ्या कारखान्याला पुरेल एवढा हा आकार आहे.

मला तीन गोष्टी नीट समजून घ्यायच्या आहेत. उष्णता कुठून आणायची, उत्प्रेरक म्हणून आपल्याकडचं लोहखनिज चालेल का, आणि नळी कार्बनने तुंबते त्याचं काय करायचं?

खाजन:

कुळागरबाब, ५.२ युनिटवर विसंबू नका. तो आकडा २५ अंशांवरच्या मिथेनचा आणि २५ अंशांवरच्याच हायड्रोजनचा आहे. प्रत्यक्षात वायू आधी ९०० अंशांपर्यंत चढवावा लागतो. तुमच्या युनिटला वायू तापवायला ताशी सुमारे २२ मेगाज्यूल आणि त्या तापमानाला क्रियेसाठी ३३, मिळून ५५. म्हणजे १५ किलोवॉट. एवढ्या लहान भट्टीच्या भिंतींतून आणखी ८ ते १० किलोवॉट निसटतात. हीटर २५ किलोवॉटचा धरा. किलोमागे झाले १७ युनिट.

आता खरी मेख. आपल्या देशातल्या ग्रिडची वीज युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड घेऊन येते. १७ गुणिले ०.७ म्हणजे १२ किलो. म्हणजे ग्रिडच्या विजेवर तापवलेलं हे युनिट स्टीम रिफॉर्मिंगपेक्षाही जास्त घाण करेल. बाहेर जाणारा गरम वायू आणि आत येणारा थंड वायू समोरासमोर नेऊन उष्णता परत घेतली, तर १२ युनिटपर्यंत उतरता येईल. तरी ८ किलो होतातच. एखादी पद्धत ‘स्वच्छ’ आहे म्हणताना भट्टीची तार कुठे जोडली आहे हे आधी विचारायला हवं.

विद्युत विघटनालाही हाच नियम. ग्रिडवर ५० युनिट म्हणजे ३५ किलो.

अबोली_म्हापसा:

मग रिफॉर्मिंगच ठेवून कार्बन डायऑक्साइड पकडणं सोपं नाही का? अमाईनच्या द्रावणात तो शोषून घेणारे मनोरे तर जुनं तंत्र आहे.

खाजन:

पकडणं जमतं, पण सगळा वायू एका जागी नसतो. रिफॉर्मिंगमध्ये ढोबळमानाने ६० टक्के कार्बन डायऑक्साइड प्रक्रियेच्या वायूत असतो. तो दाबाखाली आणि दाट असतो, म्हणून अमाईनने सहज निघतो. उरलेला ४० टक्के भट्टीच्या धुराड्यातून जातो. तिथे तो पातळ, नायट्रोजनमध्ये मिसळलेला आणि वातावरणाच्या दाबाला असतो. खर्च तिथे वाढतो. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात शेलचा क्वेस्ट प्रकल्प २०१५ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन पकडून जमिनीत घालतो, तोही प्रक्रियेच्या वायूतलाच.

ऑटोथर्मल रिफॉर्मिंगमध्ये शुद्ध ऑक्सिजन घालून थोडा मिथेन आतच जाळतात. बाहेरची भट्टी नाही, त्यामुळे सगळा कार्बन एकाच प्रवाहात येतो आणि ९५ टक्क्यांपर्यंत पकडता येतो. पण त्याला हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा प्लांट लागतो. ताशी १० घनमीटरला हे परवडणारं नाही. शिवाय गोव्यात पकडलेला वायू न्यायला ना पाइपलाइन आहे, ना पुरायला तयार विहीर. लहान युनिटसाठी घन कार्बनचा मार्ग विचारात घ्यायचं कारण एवढंच की घन कार्बन पोत्यात भरता येतो.

तांबडी_माती:

खनिजाबद्दल लिहितो. लोह उत्प्रेरक म्हणून चालतं, ही नवी गोष्ट नाही. ऑस्ट्रेलियातली हेझर कंपनी लोहखनिजच वापरते. निकेल ५०० ते ७०० अंशांना काम करतं, पण महाग आहे आणि लवकर मरतं. लोहाला ८०० ते ९०० अंश लागतात, ते स्वस्त आहे आणि कार्बनबरोबर गेलं तरी हळहळ नाही.

आपल्याकडची बारीक भुकटी घ्यायची तर आधी चार गोष्टी करा. पाण्याने धुऊन चिकणमाती काढा. मग चाळा. १०० ते ३०० मायक्रॉनचा भाग ठेवा, ७५ मायक्रॉनखालचा टाकून द्या, नाहीतर तो वायूबरोबर उडून थेट फिल्टरवर बसेल. मग ६०० अंशांना दोन तास भाजा. आपल्या खनिजात गोएथाईट, म्हणजे पाणी बांधलेलं लोह ऑक्साइड, बरंच असतं. त्यातलं बांधलेलं पाणी ३०० अंशांच्या आसपास निघतं, आणि कच्चं खनिज थेट गरम भट्टीत टाकलं तर दाणा लाहीसारखा तडकतो. भाजल्यावर पुन्हा चाळा.

पहिला वायू साठवू नका. हेमॅटाइटमधला, म्हणजे खनिजातल्या लोह ऑक्साइडमधला, ऑक्सिजन आधी जातो, त्यामुळे सुरुवातीला कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी येतं. ५७ टक्के लोह असलेल्या एक किलो खनिजात सुमारे २४५ ग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा कार्बन डायऑक्साइड होऊन गेला तर ३३७ ग्रॅम. समजा एक किलो खनिजावर ५ किलो कार्बन जमला, म्हणजे १.६७ किलो हायड्रोजन मिळाला, तर हा वाटा किलोमागे ०.२ किलो पडतो. मोनॉक्साइड होऊन गेला आणि तो नंतर जाळला तर दुप्पट. हिशेबात धरा, पण घाबरण्यासारखा नाही.

दाब वाढवायचा मोह टाळा. १ बारला ९०० अंशांवर समतोल, म्हणजे जास्तीत जास्त किती मिथेन फुटू शकतो तो आकडा, ९५ टक्क्यांच्या पुढे असतो. १० बारला तोच ७३ टक्क्यांवर येतो, कारण एका रेणूचे दोन होतात आणि दाब त्यांना मागे ढकलतो.

कुळागर:

तांबडी_माती, आभारी आहे. हे सगळं साध्या नळीत भरून चालेल का? दीड इंची नळी, मधे खनिजाचा थर, बाहेरून हीटर?

तांबडी_माती:

दोन-चार ग्रॅमच्या चाचणीला चालेल. काम करणाऱ्या युनिटला नाही.

स्थिर थरात काय होतं ते सांगतो. सुरुवातीला थरावरचा दाबफरक जवळजवळ शून्य. कार्बन दाण्यांमधल्या फटी भरत जातो, तरी काटा बराच वेळ हलत नाही. मग हलायला लागला की बघता बघता चढतो आणि वायू थांबतो. नळी गार करून उघडली तर दोन प्रकारचा कार्बन दिसतो. मधोमध काळी, मऊ, दिव्याच्या काजळीसारखी पूड, बोटाला लागते. भिंतीला मात्र करड्या रंगाचा चकचकीत थर. तो नखाने निघत नाही, ठोकला तर काचेसारखा टिचतो. हा भिंतीवरचा कार्बन उत्प्रेरकाने केलेला नसतो. वायू तापलेल्या धातूला घासून स्वतःच फुटतो त्याचा असतो. भिंत थरापेक्षा जितकी जास्त गरम, तितका तो जाड.

म्हणून उभा तरंगता थर घ्या. खालून वायू, दाणे उकळल्यासारखे हलते, वरून थोडं थोडं खनिज आणि खालून कार्बन चढलेले दाणे बाहेर. तुमच्या ताशी ४.३ किलो कार्बनला पाचास एक या प्रमाणात ताशी ०.८६ किलो खनिज लागेल. कार्बन चढला की दाणा फुगतो आणि हलका होतो. तेव्हा वायूचा वेग ताज्या खनिजाच्या हिशेबाने ठेवला तर जुने दाणे उडून जातील. वरचा भाग खालच्यापेक्षा रुंद करायचा तो त्यासाठी.

नळीच्या धातूचंही बघा. ३१० स्टेनलेस तापमानाला टिकतं, पण मिथेनमध्ये कार्बन पिऊन ठिसूळ होतं, आणि त्यातलं निकेल स्वतःच उत्प्रेरक बनून भिंतीवर कार्बन उगवतं. आतून अॅल्युमिनियमचा लेप दिलेली नळी जास्त तग धरते. शुद्ध अॅल्युमिनाची नळी कार्बन घेत नाही, पण मिनिटाला ३ ते ५ अंशांपेक्षा भरभर तापवली की तडा जातो.

मानस:

वितळलेल्या धातूचा मार्ग कोणी मांडला नाही म्हणून लिहिते. धातूच्या रसात खालून मिथेनचे बुडबुडे सोडायचे. कार्बन हलका, तो वर तरंगतो आणि भिंतीला चिकटायचा प्रश्न कमी होतो. जर्मनीत कार्ल्सरुहे इथे वितळलेल्या कथिलात ११७५ अंशांना ७८ टक्के उतारा मिळाला होता. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा इथल्या गटाने २७ टक्के निकेल आणि ७३ टक्के बिस्मथच्या रसात १०६५ अंशांना ९५ टक्के मिथेन फोडून दाखवला.

ऐकायला सुंदर, पण वर आलेला कार्बन धातू घेऊन येतो. त्या तापमानाला बिस्मथची वाफही होते आणि ती थंड पाइपात जाऊन बसते. लहान युनिटसाठी मी खनिजाच्याच बाजूने आहे.

प्लाझ्माने फोडायचं काम नॉर्वेच्या क्वेर्नरने १९८० च्या दशकात सुरू केलं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या हॅलम इथे मोनोलिथ कंपनी त्याच तत्त्वावर कार्बन ब्लॅक, म्हणजे टायरमध्ये घालतात ती काजळी, बनवते. तिथे धंदा मुख्यतः कार्बनचा आहे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

खाजन:

वायू शुद्ध करण्याचा भाग राहिला. घरगुती पाइप गॅसला वास यावा म्हणून मरकॅप्टन घातलेलं असतं, म्हणजे गंधक. निकेल त्याने लगेच मरतं, लोहही मंदावतं. झिंक ऑक्साइडचा थर हायड्रोजन सल्फाइड धरतो, मरकॅप्टन तसं सहज धरत नाही. आधी कोबाल्ट-मॉलिब्डेनमवर ३५० अंशांना थोड्या हायड्रोजनबरोबर ते फोडावं लागतं आणि मग झिंक ऑक्साइड. तुमच्याच हायड्रोजनचे दोन-तीन टक्के मागे फिरवले तर काम होतं.

भट्टीनंतर धूळ. सिरॅमिक कँडल फिल्टर ३५० अंशांवर ठेवा. तो थंड ठेवायची चूक महागात पडते. मिथेन अर्धवट फुटला की बेंझीन आणि नॅप्थलीनचा अंश तयार होतो. थंड फिल्टरवर नॅप्थलीन बसतं, त्यावर कार्बन चिकटतो आणि डांबरासारखा लेप होतो. उलटा झोत मारून तो सुटत नाही. फिल्टर गरम, मग गार करणारा पाइप, मग सक्रिय कार्बनची टाकी, आणि त्यानंतरच कॉम्प्रेसर आणि पीएसए, म्हणजे दाब चढवून-उतरवून हायड्रोजन वेगळा करणारं मशीन.

पीएसएला ८ ते २० बार लागतात. एवढ्या लहान मशीनमधून ८० टक्के हायड्रोजन शुद्ध मिळेल असं धरा, म्हणजे १.१६ किलो. उरलेल्या टेल गॅसमध्ये ०.२९ किलो हायड्रोजन आणि न फुटलेला १ किलो मिथेन, मिळून ८५ मेगाज्यूल. २५ किलोवॉटच्या भट्टीला ताशी ९० हवेत. बर्नरची उष्णता सगळीच आत पोचत नाही, त्यामुळे अर्ध्याहून थोडी जास्त गरज यातून भागते. पण तो १ किलो मिथेन जाळला की २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे विकायच्या किलोमागे २.४. भारत सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये हरित हायड्रोजनला २ किलोची मर्यादा ठरवली आहे. ती इथेच ओलांडली. टेल गॅस जाळण्यापेक्षा मोठा भाग पुन्हा भट्टीत घालावा. फिरवताना नायट्रोजन साठत जातो, म्हणून दहावा हिस्सा तरी सोडून जाळावा लागेल.

आणि गळती. एक किलो हायड्रोजनला ४ किलो मिथेन. विहिरीपासून तुमच्या व्हॉल्व्हपर्यंत त्यातला १ टक्का गळाला, तर ४० ग्रॅम. तापमानवाढीच्या शंभर वर्षांच्या हिशेबाने ते १.२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं, वीस वर्षांच्या हिशेबाने ३.३. भट्टी कितीही चांगली बांधली तरी हा आकडा खाली येत नाही.

अबोली_म्हापसा:

झुआरीनगरच्या खत कारखान्यात हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर लावता येईल का? तिथे नाफ्था सोडून पाइपचा वायू आलाच आहे.

तांबडी_माती:

अमोनियासाठी येईल, युरियासाठी अडचण आहे. एक टन युरियाला सुमारे ०.५७ टन अमोनिया आणि ०.७३ टन कार्बन डायऑक्साइड लागतो. रिफॉर्मिंगमधून निघणारा कार्बन डायऑक्साइड हा युरियाचा कच्चा माल आहे. मिथेन फोडून हायड्रोजन केला तर कार्बन पोत्यात गेला, युरियाला कार्बन डायऑक्साइड कुठून आणणार? जिथे नुसता हायड्रोजन हवा तिथेच ही पद्धत बसते.

मानस:

कार्बनबद्दल बोलूया, कारण माझ्या मते युनिट चालेल की बंद पडेल हे त्यावरच ठरेल. दिवसाला १०० किलोच्या वर. सुट्या स्थितीत घनमीटरला १५० किलो धरले तर रोज ०.७ घनमीटर. महिन्याला एक छोटी खोली भरते.

तो शुद्धही नाही. पाच किलो कार्बनमागे एक किलो खनिज गेलं, ऑक्सिजन निघून त्यातले पाऊण किलो उरले, म्हणजे १३ टक्के राख. टायरला किंवा बॅटरीला हा माल कोणी घेणार नाही. आम्लाने धुतला तर लोह निघतं, पण मग आम्लयुक्त सांडपाणी आलं आणि त्याची जबाबदारीही. बिडाच्या भट्टीत कार्बन वाढवायला लोहासकट चालू शकतो, फक्त तिथे तो शेवटी जळतो आणि वाचवलेला कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तो दुसऱ्या कोळशाच्या जागी गेला तर काही फायदा मोजता येईल, नाहीतर नाही. सिमेंटच्या ठोकळ्यांत थोडा मिसळणं किंवा कोरड्या जागी पुरणं, एवढेच प्रामाणिक पर्याय दिसतात.

बाहेर काढताना दोन नाइफ गेट व्हॉल्व्ह आणि मधे बंद डबा ठेवा. वरचा उघडला की खालचा बंद. डब्यात नायट्रोजन. माल ६० अंशांखाली आल्याशिवाय हवेला दाखवू नका. त्यात ताजं, बारीक लोह असतं, ते हवा लागताच धुमसतं. आधी नायट्रोजनमध्ये १ ते २ टक्के ऑक्सिजन मिसळून काही तास सोडा, म्हणजे वरचा थर शांत होतो. पावसाळ्यात पोती आतून प्लॅस्टिकची हवीत. ही पूड ओल शोषते, आणि खारी, ओली हवा लागली की आतलं लोह गंजतं आणि पोतं गरम व्हायला लागतं. वीज वाहणारी पूड असल्याने पॅनल त्याच खोलीत बसवू नका. एका हंगामात टर्मिनलांवर थर बसून शॉर्ट होईल.

कुळागर:

पाइप गॅसऐवजी बायोगॅस घेतला तर हिशेब पालटतो ना? साळगावच्या कचरा प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू होतोच. एक टन ओल्या कचऱ्यापासून ९० घनमीटर वायू, म्हणजे २२ किलो मिथेन आणि त्यातून...

खाजन:

आकडा जरा दुरुस्त करतो. ९० घनमीटरमध्ये ५५ टक्के मिथेन म्हणजे ५० घनमीटर. घनमीटरला ०.६८ किलो, म्हणजे ३४ किलो. सगळा फुटला तर ८.५ किलो हायड्रोजन, ८५ आणि ८० टक्क्यांच्या चाळणीतून गेल्यावर ५.८. तुमचं युनिट दिवसभर चालवायला साधारण पाच टन ओला कचरा लागेल.

हिशेब खरंच पालटतो. कार्बन झाडापाल्याचा, तो हवेतून आलेला. घन करून पुरला तर हवेतला कार्बन कमी झाला, किलो हायड्रोजनमागे ३ किलो कार्बन म्हणजे ११ किलो कार्बन डायऑक्साइड. टेल गॅस जाळला तरी तो जीवाश्म धरला जात नाही. या धाग्यातली माझी सगळ्यात जास्त आशा इथेच आहे.

पण कच्चा बायोगॅस भट्टीत घालू नका. त्यातला ४० टक्के कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कार्बनला आणि मिथेनला खाऊन मोनॉक्साइड बनवतो. पाण्याने दाबाखाली धुऊन मिथेन ९० टक्क्यांवर न्या. हायड्रोजन सल्फाइड हजारो पीपीएमपर्यंत असू शकतो, त्याला लोह ऑक्साइडची टाकी आधी. शॅम्पू आणि साबणातून येणारे सिलॉक्सेन (सिलिकॉनची संयुगं) सक्रिय कार्बनने काढा, नाहीतर भट्टीत वाळूचा बारीक थर बसतो.

कुळागर:

पटलं. शेवटचं एक. सुरू आणि बंद करण्याचा क्रम कोणी देईल का? नायट्रोजन किती ठेवायचा?

तांबडी_माती:

भट्टी, पाइप आणि फिल्टर मिळून २०० लिटर धरा. नुसता नायट्रोजन वाहवू नका, कोपऱ्यांत हवा राहते. ४ बार निरपेक्ष दाबापर्यंत भरा आणि १ बारला सोडा. दर वेळी ऑक्सिजन चौथाई होतो: २१, ५.२, १.३, ०.३, ०.०८. चार फेऱ्यांत काम होतं आणि नायट्रोजन लागतो २.४ घनमीटर. ७ घनमीटरचं एक सिलिंडर सुरुवातीला, एक बंद करायला, आणि तिसरं जोडलेलं पण न वापरलेलं, असं ठेवा. मग नायट्रोजनमध्येच ८५० अंशांपर्यंत चढवा आणि त्यानंतर मिथेन दहा मिनिटांत हळूहळू वाढवा.

बंद करताना आधी मिथेन बंद, मग नायट्रोजन. बाहेरच्या वायूत हायड्रोजन १ टक्क्याखाली आला की हीटर बंद. इथे लोक नायट्रोजनही बंद करून निघून जातात, ती चूक करू नका. ९०० अंशांवरचा वायू ३० अंशांना येईपर्यंत आकसून चौथा हिस्सा होतो. आत पोकळी तयार होते आणि एखादं पॅकिंग ढिलं असेल तर हवा आत ओढली जाते, आणि तिथे गरम कार्बन आणि बारीक लोह बसलेलं असतं. थेंब थेंब का होईना, नायट्रोजन चालू ठेवा, आणि आतला दाब वातावरणापेक्षा ०.१ बारने जास्त राहिला नाही तर घंटा वाजेल असं लावा. सकाळी भट्टीला हात लावता येईल इतकी गार झाली की मगच तो व्हॉल्व्ह बंद करा.